आधी काठ, मग पोहणे

‘पाण्यात पडले की पोहता येते’ ही म्हण मराठी घरांत इतकी रुळलेली आहे की, तिच्याविषयी कुणाला शंकाही येत नाही. गावोगावच्या विहिरींवर पिढ्यान् पिढ्या मुले याच रीतीने पोहायला शिकली. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधायचे, काकाने किंवा थोरल्या भावाने वरून ढकलून द्यायचे, नाकातोंडात पाणी गेले की हातपाय मारायचे आणि काही दिवसांनी भोपळा सोडून द्यायचा, असा हा अभ्यासक्रम होता. शहरातील जलतरण तलावांनी भोपळ्याच्या जागी फोमची फळी आणली, विहिरीच्या जागी निळ्या फरशीचा तलाव आणला; पण शिकवण्यामागची गृहीतके फारशी बदलली नाहीत. शेजारच्याचे पाहून मूल शिकते, काठावरून मोठ्याने सांगितले की त्याला समजते आणि भीती वाटली की शरीर आपोआप धडपडते, ही ती तीन गृहीतके.

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांच्या बाबतीत ही तिन्ही गृहीतके कोलमडून पडतात. यातील अनेक मुलांना अनुकरण सहज जमत नाही. गोंगाटातून आलेली तोंडी सूचना त्यांच्यापर्यंत अर्थासह पोहोचेलच असे नाही. धोक्याची जाणीव काहींमध्ये फारच कमी असते, तर काहींमध्ये एकदा बसलेली भीती वर्षानुवर्षे हटत नाही. तरीही या मुलांना पोहायला शिकवणे हा हौसेचा किंवा केवळ व्यायामाचा विषय नाही. तो त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. म्हणूनच त्यांना काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने शिकवायचे आणि कोणत्या भाषेत शिकवायचे, याचा विचार मुळापासून करावा लागतो.

स्वमग्नता म्हणजे काय?

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हापासून वैद्यकशास्त्रात स्वमग्नतेचा स्वतंत्र विचार सुरू झाला. हा आजार नव्हे. मेंदूची जडणघडण वेगळ्या रीतीने झाल्यामुळे जन्मभर सोबत राहणारी ती एक अवस्था आहे. संवाद साधणे, इतरांच्या मनातले ओळखणे, बदल स्वीकारणे या गोष्टी अशा व्यक्तींना कठीण जातात. काही मुले मुळीच बोलत नाहीत, तर काही अखंड बोलतात. पण त्या बोलण्याचा समोरच्याशी संबंध असतोच असे नाही. काहींना बौद्धिक अक्षमता असते, काहींची बुद्धी तल्लख असते. या विविधतेमुळेच तिला ‘स्पेक्ट्रम’, म्हणजे वर्णपट, असे म्हटले जाते.

पोहण्याच्या संदर्भात तिचा आणखी एक पैलू महत्त्वाचा आहे. स्पर्श, आवाज, प्रकाश, वास यांची जाणीव या मुलांमध्ये इतरांपेक्षा खूप तीव्र किंवा खूप मंद असू शकते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत या संवेदनवैशिष्ट्याचा निदानाच्या निकषांमध्ये समावेश झाला. पालकांना मात्र ते फार पूर्वीपासून ठाऊक होते. शर्टाच्या कॉलरचे लेबल टोचते म्हणून तासभर रडणारे मूल घरात असले की पुस्तकाची गरज पडत नाही.

पाण्याची ओढ आणि पाण्याचा धोका

अनेक स्वमग्न मुलांना पाण्याचे विलक्षण आकर्षण असते. नळाची धार, बादलीतली चमक, तलावाच्या पृष्ठभागावर हलणारा प्रकाश यांकडे ती तासन् तास पाहत राहतात. पाण्यात शिरल्यावर चहूबाजूंनी मिळणारा सारखा दाब त्यांना सुखावतो. हीच ओढ घराबाहेर जीवघेणी ठरते, कारण तिला दुसऱ्या एका प्रवृत्तीची जोड मिळते. ती म्हणजे कुणालाही न सांगता निघून जाणे.

‘पीडियाट्रिक्स’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ४९ टक्के पालकांनी आपले स्वमग्न मूल वयाच्या चार वर्षांनंतर किमान एकदा तरी असे निघून जाण्याचा प्रयत्न करून चुकल्याचे सांगितले. जी मुले खरोखर बेपत्ता झाली, त्यांच्यापैकी २४ टक्के मुले बुडण्याच्या धोक्यात सापडली होती. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतील १९९९ ते २०१४ या काळातील मृत्युनोंदी तपासून २०१७ साली जो निष्कर्ष मांडला, तो याहून गंभीर आहे. १५ वर्षांखालील स्वमग्न मुलांचा बुडून मृत्यू होण्याची शक्यता सर्वसाधारण मुलांच्या तुलनेत १६० पट असल्याचे त्यांना आढळले. मृत्यूच्या दाखल्यावर स्वमग्नतेची नोंद असलेली प्रकरणे मोजकीच असल्याने हा आकडा तंतोतंत मानायचे कारण नाही. पण तो कोणत्या दिशेला बोट दाखवतो, याविषयी संदिग्धता उरत नाही.

हे आकडे अमेरिकेचे असले तरी त्यामागची कारणे सगळीकडे सारखीच आहेत. आपल्या शहरांत पाणी कुठे कुठे उघडे असते, याचा विचार केला तर धोका ध्यानात येतो. गृहसंकुलातील कुंपण नसलेला जलतरण तलाव, झाकण सरकलेली जमिनीखालची टाकी, बांधकामावरील पाण्याचा हौद, बागेतील कारंजे, घरामागचा नाला आणि सुट्टीत गावी गेल्यावर परसातली विहीर. त्यात बुडणे बहुधा नि:शब्द असते. चित्रपटात दिसतो तसा आरडाओरडा प्रत्यक्षात क्वचितच होतो, कारण श्वास घेण्याची धडपड चालू असताना ओरडायला हवाच उरत नाही. ज्या मुलाला एरवीही हाक मारता येत नाही, त्याच्या बाबतीत तर काही मिनिटांतच सारे संपलेले असते.

पाणी शरीराला काय देते?

पाण्याचा धोका जसा खरा आहे, तसाच त्याचा आधारही खरा आहे. छातीइतक्या पाण्यात उभे राहिले की उत्प्लावक बलामुळे शरीराचे बरेचसे वजन पाणी पेलते. जमिनीवर ज्याचे पाऊल अडखळते, स्नायू सैल असल्यामुळे जो लवकर थकतो, तो मुलगा पाण्यात मोकळेपणाने हालचाल करतो. पाण्याचा दाब खोलीनुसार वाढत जातो आणि संपूर्ण शरीरावर एकाच वेळी पडतो. आपला हात कुठे आहे, पाय किती वाकला आहे, याची स्नायू व सांध्यांकडून मिळणारी जाणीव ज्यांच्यात अस्पष्ट असते, त्यांना हा दाब शरीराची सीमारेषाच आखून देतो. घट्ट मिठी मारल्यावर किंवा जड गोधडीखाली झोपल्यावर काही स्वमग्न मुले शांत होतात, त्यामागचे कारण आणि पाण्यात ती शांत होण्यामागचे कारण बरेच जवळचे आहे.

परंतु तलाव म्हणजे केवळ पाणी नव्हे. छताखालच्या तलावात प्रत्येक शिट्टी घुमते. क्लोरीनचा उग्र वास येतो. डोक्याला आवळणारी रबरी टोपी आणि डोळ्यांभोवती घट्ट बसणारा गॉगल चढवावा लागतो. तलावात उतरण्यापूर्वीचा सक्तीचा शॉवर तर अनेक मुलांना सर्वांत असह्य वाटतो. त्याचे बारीक तुषार त्यांना सुया टोचल्यासारखे वाटू शकतात. त्यातच पाणी गार असले तर शरीर आखडते. स्पर्धात्मक पोहण्यासाठी साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी योग्य मानले जाते, तर उपचारासाठीच्या तलावात ते ३२ ते ३४ अंशांच्या आसपास ठेवतात. कडेवर बसून किंचाळणारे मूल पाण्याला घाबरत आहे, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ते शिट्टीला, टोपीला की गारठ्याला नकार देत आहे, हे शोधावे लागते. कारण कळले तर उपाय बहुधा सोपा असतो. टोपीऐवजी केस बारीक कापणे, शॉवरऐवजी तांब्याने अंगावर पाणी घेणे, गर्दी संपल्यानंतरची वेळ निवडणे, एवढ्यानेही चित्र बदलू शकते.

पाण्यात उतरण्यापूर्वीचा धडा

स्वमग्न मुलाला अनपेक्षित गोष्टींचा त्रास होतो, म्हणून शिकवण्याची सुरुवात तलावाबाहेर व्हायला हवी. प्रशिक्षकाचा, तलावाच्या दाराचा, कपडे बदलण्याच्या खोलीचा आणि पायऱ्यांचा फोटो मुलाला घरीच दाखवला जातो. अमेरिकेतील शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी विकसित केलेली ‘सोशल स्टोरी’ ही पद्धत येथे उपयोगी पडते. पुढे काय घडणार आहे, हे चार-सहा साध्या वाक्यांत आणि चित्रांत सांगणारी ती छोटी गोष्ट असते. ‘आज आपण तलावावर जाणार आहोत. तिथे आवाज असतो. मी पायरीवर बसेन. माझे पाय पाण्यात असतील. मग आपण घरी येऊ.’ एवढी गोष्ट आठवडाभर रोज वाचली तर पहिला दिवस अनोळखी राहत नाही.

पहिल्या भेटीत पाण्यात उतरलेच पाहिजे असे नाही. काठावर बसून परत येणे हाही एक पूर्ण झालेला धडा असतो. तासाची सुरुवात आणि शेवट प्रत्येक वेळी सारखा ठेवावा. आज काय काय करायचे, याची चित्रे एका प्लास्टिकच्या आवरणातील पाटीवर ओळीने लावावीत आणि एकेक कृती झाली की ते चित्र काढून ठेवावे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉपलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ‘टीच’ या कार्यपद्धतीने अशा दृश्य वेळापत्रकाचा जगभर प्रसार केला. किती काम उरले आहे आणि ते कधी संपणार आहे, हे डोळ्यांना दिसले की मुलाची अस्वस्थता कमी होते.

शब्द मोजून वापरावे लागतात

स्वमग्न मुले पुष्कळदा शब्दश: अर्थ घेतात. ‘पाणी कापत जा’ किंवा ‘मासा हो बरं’ असे प्रशिक्षक सवयीने म्हणतो, तेव्हा मूल गोंधळून उभे राहते. ‘पळू नको, पाणी पिऊ नको, हात सोडू नको’ या वाक्यांतील ‘नको’ गोंगाटात हरवते आणि ‘पळ, पाणी पी, हात सोड’ एवढेच कानावर पडते. म्हणून काय करू नये यापेक्षा काय करावे ते सांगावे. ‘पळू नको’ऐवजी ‘चाल’, ‘हात सोडू नको’ऐवजी ‘काठ धर’. एका वेळी एकच सूचना, कमीत कमी शब्दांत आणि प्रत्येक वेळी त्याच शब्दांत द्यावी. सूचना दिल्यावर थांबावे. ऐकलेल्या शब्दाचे कृतीत रूपांतर व्हायला या मुलांना काही क्षण अधिक लागतात. तेवढ्यात सूचना बदलून पुन्हा सांगितली तर मुलाला ती नव्यानेच समजून घ्यावी लागते.

घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि तलावावर हिंदी, अशी तीन भाषांची ओढाताण शहरी मुलांच्या वाट्याला येते. इतर मुले ती सहज पेलतात. स्वमग्न मुलासाठी मात्र ‘काठ’, ‘किनारा’ आणि ‘वॉल’ हे एकाच गोष्टीचे तीन शब्द आहेत, हे आधी स्पष्ट करावे लागते. पालक, शाळेतील शिक्षक आणि प्रशिक्षक यांनी मिळून पंधरा-वीस शब्द निश्चित केले आणि तेच वापरले, तर हा गुंता टळतो. जे मूल बोलत नाही, त्याच्यासाठी ‘थांबा’, ‘पुरे’, ‘बाहेर जायचे’, ‘दुखते’ यांची चित्रे किंवा खुणा असायलाच हव्यात. नकार देण्याचे साधन हाताशी नसले की मूल चावून, ओरबाडून किंवा किंचाळून नकार देते आणि त्याला हट्टी ठरवले जाते.

एक कृती, अनेक पायऱ्या

इतर मुलांना जी कृती एक वाटते, तिचे स्वमग्न मुलासाठी लहान लहान तुकडे करावे लागतात. ‘पाण्यात तोंड घाल आणि फुगे काढ’ हेच उदाहरण घेता येईल. प्रथम कोरड्या जागी फुंकर मारणे. मग मेणबत्ती किंवा पिसे फुंकणे. त्यानंतर घरी वाडग्यातल्या पाण्यात नळीने फुगे काढणे, नळी आखूड करत जाणे, हनुवटी पाण्याला लावणे, ओठ लावणे आणि शेवटी तलावात तेच करणे. प्रत्येक पायरीवर प्रशिक्षकाने आरंभी हात धरून मदत करायची, पुढे केवळ खुणेने सुचवायचे आणि अखेर मदत पूर्णपणे काढून घ्यायची. मदत काढून घेणे हा शिकवण्याचाच भाग आहे. तो राहून गेला तर मूल पोहण्याऐवजी प्रशिक्षकाचा हात धरायला शिकते.

प्रत्येक यशानंतर मुलाला आवडेल असे काहीतरी लगेच मिळावे. ते चॉकलेटच असले पाहिजे असे नाही. एखाद्याला पाण्याखाली बुडणारी कडी गोळा करायला आवडते, एखाद्याला काठावरच्या फरशा मोजायला. ज्या गोष्टीला मोठी माणसे ‘वेड’ म्हणतात, तीच पुष्कळदा शिकण्याची गुरुकिल्ली ठरते. आकड्यांत रमणारा मुलगा हाताचे वल्हे मोजत तलावाची एक लांबी पार करतो आणि गाड्यांवर प्रेम करणारी मुलगी ‘स्टेशन’ म्हणून काठ गाठते.

सर्वांत आधी काय?

येथे प्रश्न क्रमाचा आहे आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. नेहमीच्या वर्गात मूल पहिल्या दिवसापासून फळी धरून पाय मारू लागते, म्हणजे काठापासून दूर जायला शिकते. स्वमग्न मुलाला आधी काठाकडे परतायला शिकवले पाहिजे. पाण्यात पडल्यावर वळणे, भिंत शोधणे, ती धरणे, हातांनी सरकत पायरीपर्यंत येणे आणि बाहेर चढणे ही पहिली साखळी. उताणे होऊन तोंड पाण्याबाहेर ठेवून तरंगत राहणे ही दुसरी. परवानगी मिळाल्याशिवाय पाण्यात न उतरणे ही तिसरी, आणि कदाचित सर्वांत अवघड. काठावरील एका ठरावीक रंगाच्या चटईवर उभे राहायचे, प्रशिक्षकाने ‘ये’ म्हटल्यावरच उतरायचे, हा नियम प्रत्येक तासाला, एकही अपवाद न करता पाळला, तरच तो सवयीत उतरतो. फ्रीस्टाइल आणि ब्रेस्टस्ट्रोक यानंतर यायला हवेत, आणि ते कधीच आले नाहीत तरी पहिल्या तीन गोष्टींचे मोल कमी होत नाही.

अशा विचाराला जुनी परंपरा आहे. लंडनमधील हॅलिविक या अपंग मुलींच्या शाळेत जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ च्या सुमारास शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून दहा टप्प्यांची ‘हॅलिविक’ पद्धत आकाराला आली. तिचा पहिला टप्पा पोहण्याचा नव्हे, तर पाण्याशी मनाने जुळवून घेण्याचा आहे. त्यानंतर शरीर फिरवून पुन्हा स्थिर होणे, तोल सांभाळणे असे टप्पे येतात आणि पोहण्याची हालचाल सर्वांत शेवटी. शारीरिक अपंगत्वासाठी घडवलेली ही पद्धत पुढे स्वमग्न मुलांसाठीही वापरली जाऊ लागली. एका विद्यार्थ्यामागे एक मदतनीस आणि दंडाला बांधायच्या फुग्यांना फाटा, ही तिची दोन वैशिष्ट्ये.

फुग्यांना फाटा देण्यामागे कारण आहे. हवा भरलेले फुगे किंवा टायर लावलेल्या मुलाला आपण स्वत:च तरंगतो असे वाटते. शब्दश: विचार करणाऱ्या मुलाच्या मनात ‘पाणी मला वर धरते’ हा नियम पक्का होतो आणि फुगे नसताना ते त्याच निर्धास्तपणे खोल पाण्यात पाऊल टाकते. शिवाय फुग्यांमुळे शरीर उभे राहते, आडवे तरंगण्याची सवय लागत नाही. नौकाविहारात किंवा समुद्रावर जीवरक्षक जाकीट अर्थातच घालायला हवे. पण ते सुरक्षेचे साधन आहे, शिकवण्याचे नव्हे.

आणखी एक दक्षता वैद्यकीय आहे. स्वमग्न व्यक्तींमध्ये अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याचे, प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा जास्त असते. पाण्यात फिट आली तर ती बाहेरून चटकन ओळखू येत नाही. म्हणून प्रवेशापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे, प्रशिक्षकाला औषधांची व पूर्वीच्या झटक्यांची स्पष्ट माहिती देणे आणि एक मोठे माणूस सतत हाताच्या अंतरावर असणे आवश्यक आहे. पालकांनी ही माहिती दडवली आणि तलावाने ती ऐकताच प्रवेश नाकारला, तर दोन्ही बाजूंनी मुलाचेच नुकसान होते.

तलावात जमले, विहिरीत जमेल का?

एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी न वापरता येणे ही स्वमग्नतेतील ओळखीची अडचण आहे. निळ्या तळाच्या तलावात, पोहण्याच्या पोशाखात, ठरावीक प्रशिक्षकासमोर उत्तम तरंगणारे मूल, अंगावर शाळेचा गणवेश आणि खाली गढूळ पाणी असताना तेच करील याची खात्री नसते. म्हणून कौशल्य पक्के झाल्यावर ते मुद्दाम बदलत्या परिस्थितीत तपासावे लागते. दुसरा तलाव, दुसरा प्रशिक्षक, तलावाची दुसरी बाजू आणि देखरेखीखाली अंगावर कपडे असताना पाण्यात उतरण्याचा सराव, ही त्याची साधने.

याहून नाजूक बाब म्हणजे आत्मविश्वासाची. पोहायला येऊ लागल्यावर मुलाची पाण्याची ओढ वाढते. त्यामुळे पालकांची सावधगिरी कमी होऊन चालत नाही. गणेश विसर्जनाच्या गर्दीत, ढोलताशांच्या आवाजाने बिथरलेले मूल क्षणार्धात हात सोडवून पाण्याकडे धावू शकते. दाराला उंचावर कडी, संकुलातील तलावाला कुलूपबंद फाटक, टाकीवर पक्के झाकण, मुलाच्या कपड्यांत किंवा मनगटावर पालकांचा दूरध्वनी क्रमांक आणि शेजारी व पहारेकरी यांना दिलेली पूर्वकल्पना, हे सारे पोहणे शिकल्यानंतरही चालूच राहिले पाहिजे. मूल दिसेनासे झाले तर शोध जवळच्या पाण्यापासून सुरू करावा, हा सल्ला या क्षेत्रातील तज्ज्ञ आवर्जून देतात.

काय मिळते, काय मिळत नाही?

पोहण्याने स्वमग्नता ‘बरी’ होत नाही. तसा दावा करणाऱ्या जाहिरातींपासून पालकांनी दूर राहावे. तैवानमधील संशोधक चिएन-यू पान यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६ स्वमग्न मुलांना दहा-दहा आठवड्यांच्या जलव्यायाम व पोहण्याच्या कार्यक्रमात सहभागी करून घेतले होते. त्यांच्या पाण्यातील कौशल्यांत आणि सामाजिक वर्तनातही सुधारणा दिसली. असे अभ्यास उत्साहवर्धक आहेत, पण बहुतेक लहान गटांवरचे आहेत. रोजच्या अनुभवात दिसणारे लाभ अधिक साधे आणि म्हणूनच अधिक विश्वासार्ह वाटतात. शरीर दमते, आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची सवय लागते आणि घराबाहेर एक अशी जागा मिळते, जिथे मूल ‘अडचण’ नसते.

काहींच्या बाबतीत पाणी याहून पुष्कळ अधिक देते. मुंबईची जिया राय हे त्याचे लखलखीत उदाहरण. नौदलातील कर्मचाऱ्याची ही स्वमग्न मुलगी. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी, वयाच्या १२ व्या वर्षी, तिने वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे ३६ किलोमीटर अंतर ८ तास ४० मिनिटांत पोहून पार केले. मार्च २०२२ मध्ये श्रीलंकेतील तलाईमन्नार ते धनुष्कोडी हे पाल्कच्या सामुद्रधुनीतील २९ किलोमीटरचे अंतर तिने १३ तास १० मिनिटांत कापले. जुलै २०२४ मध्ये ती इंग्लिश खाडी १७ तास २५ मिनिटांत पोहून गेली. पंतप्रधान राष्ट्रीय बाल पुरस्काराने २०२२ साली तिचा गौरव झाला. तिचे यश स्वमग्नतेविषयीचे अनेक समज पुसून टाकते. मात्र त्यातून प्रत्येक स्वमग्न मुलात एक विक्रमवीर दडलेला आहे, असा नवा समज रूढ होऊ नये. ज्या मुलाला तीन वर्षांच्या प्रयत्नांनंतर उताणे तरंगता येऊ लागले, त्याच्या आईवडिलांनी इंग्लिश खाडीच्या फूटपट्टीने ते यश मोजू नये.

तलावांनी काय करावे?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे आणि त्याच्या ३० व्या कलमात क्रीडा सुविधा दिव्यांगांना खुल्या व सुलभ करण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. प्रत्यक्षात मात्र अडचण प्रवेशद्वारापाशीच सुरू होते. बारा वर्षांच्या मुलाला कपडे बदलायला मदत लागते आणि सोबत फक्त आई आहे, अशा वेळी तिने कोणत्या खोलीत जावे? पुरुषांच्या खोलीत तिला प्रवेश नाही, स्त्रियांच्या खोलीत मुलाला. एवढ्या एका कारणाने पोहणे सुटलेली कुटुंबे असू शकतात. त्यावरचा उपाय म्हणजे एक स्वतंत्र, बंद होणारी खोली. त्यासाठी मोठा निधी लागत नाही.

याच धर्तीवर आणखी काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. आठवड्यातून दोन दिवस दुपारची एक कमी गर्दीची, शिट्टी न वाजवता चालणारी बॅच. पालकाला पाण्यात उतरण्याची मुभा. तलावाच्या नियमांच्या फलकावर अक्षरांसोबत चित्रे. प्रशिक्षक व जीवरक्षक यांना विशेष शाळेतील शिक्षकांकडून आणि व्यवसायोपचारतज्ज्ञांकडून काही दिवसांचे प्रशिक्षण. ‘तीस दिवसांत पोहायला शिका’ या मुदतीच्या हिशेबातून या मुलांना सूट.

प्रशिक्षक निवडताना पालकांनी त्याच्या पदकांपेक्षा काही साधे प्रश्न विचारावेत. एका वेळी किती मुले घेता? माझे मूल नको म्हणाले तर काय कराल? पहिल्या महिन्यात काय शिकवाल? शेवटच्या प्रश्नाला ‘फ्रीस्टाइल’ असे उत्तर आले तर थोडे थांबावे. ‘पाण्यात पडला तर वळून काठ धरायला शिकवीन’ असे म्हणणारा प्रशिक्षक भेटला, तर त्याच्या हाती मूल सोपवायला हरकत नाही.